बुडण्याचं प्रात्यक्षिक

समर्थ सावेला ओळखत नाही असा माणूस डहाणूत सापडणं कठीण होतं, आणि त्यात समर्थचं काही कर्तृत्व नव्हतं. ते फलक छापणाऱ्याचं होतं. स्टेशनपासून पारनाक्यापर्यंत विजेच्या खांबाखांबाला तो लटकत होता. हाताची घडी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'सुरक्षित डहाणू, निश्चिंत डहाणू'. त्याची बायको रश्मी तलासरीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. रोज सकाळी कामावर जाताना तिला एवढ्या सगळ्या नवऱ्यांखालून गाडी काढावी लागे, आणि तिला तर घरातला एकच जड जात होता.

समर्थने 'किनारा सुरक्षा मंच' नावाची संस्था काढली होती, आणि शहर सुरक्षित करायचं काम या ना त्या वाटेने मंचाकडे आलं होतं. मग चौकाचौकात कॅमेरे लागले. मासळी बाजारातल्या कॅमेऱ्यापुढे लवकरच समर्थच्याच फलकाचा कोपरा आला. बाजारात चोरी होवो की मारामारी, कॅमेऱ्याला तेवढा समर्थचा डावा कान दिसे. एक मोठा भोंगाही बसवला. वीज गेली की तो गप्प आणि वीज आली की सुरू, त्यामुळे लोक तो ऐकला की पंख्याचं बटण दाबायला उठत. संकटात फोन करायचा नंबर होता, तो समर्थचा मावसभाऊ नविन उचलायचा. नविनचं मोबाइलचं दुकान. दुपारी जेवून तो दोन तास झोपे, म्हणजे तेवढा वेळ डहाणूवर संकट यायला बंदी होती.

तलासरीच्या बाजूला जमीन अधूनमधून हादरते. भिंतींना चिरा पडतात, फळीवरची भांडी खाली येतात. तिकडच्या पाड्यांवर जाऊन समर्थने शिट्ट्या वाटल्या. भूकंप झाला की सगळ्यांनी शिट्टी वाजवायची. रश्मीच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बारकीलाही एक मिळाली. ती रश्मीला दाखवून म्हणाली, "डॉक्टरीणबाय, धरणी हालली तं आमाला समजतं. मंग ही कोनाला ऐकवायची? धरणीला?"

रश्मीला हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली, कारण शिट्टीवर तिचंच आडनाव छापलेलं होतं.

तरी बारकीच एकदा मुलासाठी शब्द टाकायला आली. मंच किनाऱ्यावर जीवरक्षक नेमणार होता. बारकीचा मिथुन धडधाकट होता, कुर्झ्याच्या धरणात लहानपणापासून पोहत होता, आणि घरी बसून होता. रश्मीने रात्री जेवताना समर्थला सांगितलं. समर्थ म्हणाला, "पाठव की. आपल्याला आदिवासी चेहरा हवाच होता." त्या 'चेहरा' शब्दावर तिने घास ताटात परत ठेवला. पण मिथुनला पाठवलं तिनेच.

मिथुनला लाल बनियन मिळालं, टोपी मिळाली. काम म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना पाण्यापासून मागे हटवायचं आणि मंचाचे पाहुणे आले की रांगेत उभं राहायचं. समुद्रात उतरायचं कुणी शिकवलं नाही. शिकवणारा माणूस मुंबईहून येणार होता. तो येऊन जेवून गेला.

मग समर्थच्या डोक्यात प्रात्यक्षिक आलं. पारनाक्याजवळच्या किनाऱ्यावर मांडव घालायचा, मंचाला कामं देणाऱ्या मुंबईच्या साहेबांना बोलवायचं, एक माणूस बुडतो आहे असं दाखवायचं आणि मंचाच्या नव्या नारिंगी रबरी बोटीने त्याला वाचवायचं. बुडण्यासाठी त्याने रश्मीच्या चुलतभावाला विचारलं. रश्मीचं माहेर धाकटी डहाणूचं, मच्छीमार तांडेलांचं. भाऊ मनिष स्वतःची होडी चालवायचा.

मनिष म्हणाला, "भावजी, बुडायचं सोंग आमच्यात करत नाहीत. काढायला यायचं असेल तर सांगा. होडी घेऊन येतो."

"काढायला आमची बोट आहे," समर्थ म्हणाला. घरी आल्यावर त्याने ते रश्मीला ऐकवलं. "तुझ्या माहेरची माणसं. अंधश्रद्धेत बुडाली आहेत."

"निदान समुद्रात तरी बुडत नाहीत," रश्मी म्हणाली.

समर्थचे वडील वासुदेव शेजारीच जेवत होते. ते रेल्वेत स्टेशनमास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मुलाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसत. सून टोचून बोलली की ते पापडाकडे लक्ष देत.

"मग बुडणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मिथुन."

रश्मीने मान वर केली. "त्याला समुद्र माहीत आहे का?"

"रोज बघतो. ड्युटीच किनाऱ्यावर आहे."

"बघून समुद्र येत असता तर पारनाक्यावरचे भेळवाले खलाशी झाले असते. त्याला जॅकेट घालून तरी पाठव."

समर्थने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "जॅकेट घातलेला माणूस बुडतोय असं वाटतं का कुणाला?"

रविवार आला. सुरूच्या झाडांपुढे मांडव पडला, खुर्च्या लागल्या, रुग्णवाहिका फुलांच्या माळा घालून उभी राहिली. भरती सकाळी होती आणि कार्यक्रम तेव्हाच ठेवला होता, पण साहेब वाटेत विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला थांबले, मग कुणाच्या तरी वाडीत नाश्ता झाला. ते आले तोपर्यंत पाणी मागे सरकू लागलं होतं. रश्मी लहानपणापासून ते पाणी बघत आली होती. डहाणूचा किनारा सपाट. ओहोटी लागली की समुद्र मागे जातो तो नुसता जात नाही, सापडेल ते खाडीच्या तोंडाकडे ओढून नेतो.

ती व्यासपीठाच्या पायरीपाशी गेली. "समर्थ, ओहोटी लागली आहे. आज बुडवाबुडवी नको. भाषणं करा आणि घरी जाऊ."

"रश्मी, साहेब आत्ता बसलेत."

"बसू दे ना. मिथुन पाण्यात जाणार आहे, ते नाही."

समर्थने हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हटलं, "तू खाली जाऊन बस. लोक बघतायत."

वर साहेबांना आणि मंचाच्या सभासदांना मान म्हणून शाल नव्हे तर जीवरक्षक जॅकेटं घालण्यात आली. समर्थची कल्पना. मंचाकडे होती तेवढी सगळी जॅकेटं मग त्या कोरड्या व्यासपीठावर कोचावर बसली. साहेबांच्या पोटावर पट्टा बसेना, तेव्हा दोघांनी मिळून बसवला.

रश्मी वासुदेवांशेजारी येऊन बसली. नारिंगी बोट मिथुनला घेऊन पाण्यात गेली, त्याला दूर उतरवून परत आली, कारण कार्यक्रमात ती किनाऱ्यावरून धावत जाणार होती. नविन माइकवर होता. "आणि आता आपण पाहत आहोत, एक पर्यटक अतिउत्साहाच्या भरात खोल पाण्यात गेलेला आहे."

मिथुनने हात हलवले, ओरडला. लोकांनी मोबाइल वर केले. भोंगा वाजायचा होता तो वाजला नाही. वीज गेलीच नव्हती, त्यामुळे ती यायचीही नव्हती. दोन जीवरक्षक धावत बोटीत चढले आणि एकाने इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं. त्याने पुन्हा ओढली, मग दुसऱ्याने ओढली. मिथुन अजून हात हलवत होता, पण मघापेक्षा पुष्कळ दूर आणि दक्षिणेला.

"किती हुबेहूब बुडतोय," साहेब म्हणाले. ते माइकमध्ये गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मिथुन ओरडायचा थांबला. डोकं मागे पडलेलं, तोंड पाण्याच्या रेषेला लागलेलं, हात वर न येता पाणी दाबत होते. बुडणारा माणूस आरडाओरडा करत नाही. त्याला श्वास पुरत नाही. रश्मीने हे पुस्तकात वाचलं होतं आणि त्याआधी लहानपणी खाडीत एकदा पाहिलंही होतं. ती उठली. खुर्च्यांमधून वाट काढताना कुणीतरी म्हणालं, "मॅडम, जरा बाजूला, व्हिडिओत येताय."

थोड्या अंतरावर मनिष गुडघाभर पाण्यात होडीला हात लावून उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आला होता.

"मनिष, तो खराच बुडतोय."

मनिष क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. "मी मघापासून बघतोय ताई. मला वाटलं, ठरलंच असेल असं." एवढं बोलेपर्यंत त्याने नांगर उचलला होता.

होडी गेली. मांडवातून नविनचा आवाज आला की स्थानिक मच्छीमार बांधवही मंचाच्या आवाहनाला प्रतिसाद देत आहेत. मनिष पोचला तेव्हा मिथुनचं डोकं दिसत नव्हतं. मनिषने उडी टाकली. वर आला तो बनियनला धरून.

वाळूवर आणला तेव्हा मिथुन निळसर पडला होता. श्वास नव्हता, नाडी होती, बारीक. रश्मी गुडघ्यांवर बसली, त्याची मान मागे केली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरू लागली. वाळू, खारं पाणी, त्याच्या तोंडातली माती, सगळं तिच्या तोंडात आलं. भोवती माणसं गोल करून उभी राहिली. आणि त्या गोलाच्या वरून लाउडस्पीकर बोलला, "प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक सादर करत आहेत डॉक्टर रश्मी समर्थ सावे. जोरदार टाळ्या."

टाळ्या वाजल्या. मिथुनच्या तोंडात श्वास भरताना रश्मीने त्या ऐकल्या. या माणसांत तिच्या ओळखीचे शिक्षक होते, बँकेतले लोक होते, तिच्या दवाखान्यातून बरे होऊन गेलेले दोघे होते. कुणाच्या मनात आलं नाही की वाकून विचारावं.

मिथुन खोकला. पाणी बाहेर आलं, मग अजून पाणी. तो कण्हू लागला तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणालातरी पहिल्यांदा शंका आली, पण तोवर पुढे राष्ट्रगीताची तयारी सुरू झाली होती.

"रुग्णवाहिका," रश्मी म्हणाली.

रुग्णवाहिकेच्या मागे साहेबांच्या ताफ्याच्या गाड्या लागल्या होत्या. दार उघडलं तर आत स्ट्रेचरवर अल्पोपाहाराची खोकी रचलेली. ऑक्सिजनची नळकांडी नवी कोरी होती आणि रिकामी होती; ती भरून आणायचं काम पुढच्या टप्प्यात होतं. ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला, "मॅडम, साहेब निघाले की लगेच काढतो."

मनिषच्या मासळीच्या टेम्पोतून त्यांनी मिथुनला गावातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. रश्मी मागे बर्फाच्या रिकाम्या पेट्यांमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. टेम्पो सुटला तसा मांडवातून समर्थचा आवाज आला. प्रात्यक्षिक शंभर टक्के यशस्वी झालं होतं.

मिथुन वाचला. छातीत पाणी गेलं होतं, ताप चढला, काही दिवस त्याला नळीने प्राणवायू द्यावा लागला. बारकी पाड्यावरून आली आणि त्याच्या पायाशी जमिनीवर बसून राहिली. तिने दोन शब्द सुनावले असते तर रश्मीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समर्थ घरी लवकर आला. एका वार्ताहराचा फोन आला होता. खिडकीपाशी उभा राहून त्याने बायकोला शांतपणे समजावलं.

"हे बघ, तू डॉक्टर आहेस. तुझ्या शब्दाला वजन आहे. तो थोडी ताडी पिऊन आला होता, एवढं म्हणालीस तर विषय संपतो. कुणाचं काही बिघडत नाही."

"मिथुनचं बिघडतं."

"त्याचं काय बिघडणार? त्यांच्यात पितात सगळेच."

"मी त्याच्या तोंडाला तोंड लावलं होतं, समर्थ. त्याच्या तोंडाला काय वास होता ते मला विचारतोस?"

"तत्त्वं मला शिकवू नकोस. उद्या मंच बंद पडला तर या शहरात सुरक्षेचं काम करणारं कोण आहे?"

त्याने हे मनापासून विचारलं होतं, आणि रश्मीला त्याचीच सगळ्यात जास्त घृणा आली. लबाड माणसाला आपण लबाड आहोत हे माहीत तरी असतं. हा रोज स्वतःच्या फलकाखालून जात होता आणि रोज त्याला तो फलक पटत होता.

आतल्या खोलीतून वासुदेव दारात आले. "गाडीखाली माणूस आला तर आम्ही आधी गाडी थांबवायचो," ते म्हणाले. "कुणाची चूक ते मागाहून. तू टाळ्यासुद्धा थांबवल्या नाहीस रे."

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

"नाही कळत," वासुदेव म्हणाले आणि परत आत गेले.

रश्मी ताडीबद्दल बोलणार नाही हे नक्की झाल्यावर समर्थने दुसरी बाजू धरली. बुडणारा खरा होता, हे त्याने मान्यच करून टाकलं, नुसतं मान्य नाही, मिरवलं. सगळ्या शहराच्या डोळ्यांदेखत मंचाने एक जीव वाचवला. त्याने गावातल्या सभागृहात सत्काराची सभा ठेवली. पडद्यावर चित्रफीत दाखवली. तिच्यात नारिंगी बोट झोकात निघत होती, ती मागच्या महिन्यातली, संगीत वाजत होतं, आणि मग रश्मी वाळूवर वाकलेली दिसली. मनिषची होडी काढून टाकली होती. सत्कारासाठी मनिषला बोलावलं होतं. त्याने निरोप पाठवला की मासळी लागली आहे, वेळ नाही.

रश्मी जागेवरून उठली. माइक मागितला नाही. "ही बोट सुरू झाली नव्हती," ती म्हणाली. "ओहोटी लागली होती, ते मी आधी सांगितलं होतं. सगळी जॅकेटं व्यासपीठावर होती. मिथुनला मनिष तांडेलने बाहेर काढलं, रुग्णवाहिकेत समोसे होते, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मीही आधी खुर्चीवर बसूनच होते. एवढंच सांगायचं होतं."

रश्मीला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. बोललं खरं कुणीतरी. एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "डॉक्टरबाई, नवराबायकोतल्या गोष्टी घरात मिटवाव्यात." लोकांनी सुटकेने माना डोलावल्या. मग मागून एकाने विचारलं की त्यांच्या गल्लीत कॅमेरा कधी लागणार. समर्थने माइक घेतला आणि सांगितलं की लवकरच.

पहिल्या रांगेतून वासुदेव उठले. सावकाश, खुर्चीला धरून. मधल्या वाटेने ते दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले. वयस्कर माणूस, लघवीला निघाला असेल, असं समजून लोकांनी त्यांना अदबीने वाट करून दिली.

पुढे किनाऱ्याचं काम मंचाकडून काढून घेण्यात आलं. गवगवा कसला झाला नाही. शहराला लाज वाटली म्हणून नव्हे, वरचे साहेब बदलले म्हणून. समर्थचं काही अडलं नाही. त्याला हायवेवरच्या अपघातांबद्दल जनजागृतीचं काम मिळालं, आणि तलासरीपर्यंत त्याचे फलक आले. या वेळी चष्मा काढलेला होता, चेहरा गंभीर.

मिथुन दवाखान्यात होता ते दिवस कामावर गैरहजर धरून त्याला मंचाने काढून टाकलं होतं. रश्मीने बारकीजवळ हा विषय काढला तेव्हा बारकी दवाखान्याचं अंगण झाडत होती. ती झाडत राहिली.

"मी दुसरीकडे कुठे बोलून बघते," रश्मी म्हणाली.

"नको बाय." बारकीने झाडू थांबवला. "तू बेस हायेस. पन आमच्यासाठी कोनाला काय सांगू नको आता. तुमचा चांगला करना आमाला झेपत नाय."

ती रागाने बोलली नव्हती. सांडलेलं पाणी पुसावं तसं बोलली आणि पुन्हा झाडायला लागली. मिथुन पुढे गवंड्याच्या हाताखाली जाऊ लागला. दम लागायचा, मग मध्ये बसायचा. समुद्राकडे तो परत गेला नाही.

रश्मीने तलासरीत दवाखान्याजवळच दोन खोल्या घेतल्या. समर्थला तिने कारण दिलं की जाण्यायेण्यात वेळ जातो, आणि त्याला ते पटलं, कारण त्याला दुसऱ्यांना सांगायला कारण हवं होतं. डॉक्टर मॅडम आदिवासी भागात पूर्णवेळ सेवा देतात, असं तो आता भाषणात सांगू लागला.

एका दुपारी ती दवाखान्यातून जेवायला घरी आली तर दारात वासुदेव उभे होते. एसटीने आले होते. हातात कापडी पिशवी, तिच्यात दोन सदरे आणि औषधांचा डबा. सदऱ्यांना इस्त्री नव्हती.

"बाबा, फोन तरी करायचा."

"तिकडे पाहुणे फार येतात," वासुदेव म्हणाले. "रोज कुणाचा तरी सत्कार. मला पहिल्या रांगेत बसवतात."

रश्मीने कुलूप काढलं. ते आत येऊन पलंगाच्या कडेला बसले, खोली बघितली, पंखा बघितला. रश्मीने चहा ठेवला.

"मिथुन इथेच जवळ राहतो ना?" त्यांनी विचारलं. "मला भेटायचं होतं."

"भेटून काय म्हणणार?"

वासुदेवांनी विचार केला. "माहीत नाही," ते म्हणाले. "मीही टाळ्या वाजवल्या होत्या."

रश्मीने चहा गाळला आणि कप त्यांच्या हातात दिला. "बारकी संध्याकाळी कामावर येते," ती म्हणाली. "तिला विचारू. ती हो म्हणाली तर जाऊ."